इग्बो समाज : स्त्रियांची सत्ता आणि ख्रिस्ती धर्मांतर

इग्बो हा आग्नेय नायजेरियातील मोठा जनसमूह. बहुतेक भागांत राजा नव्हता. कारभार गावकीचा चाले आणि त्यात स्त्रियांची स्वतंत्र चौकट असे. एका घराण्यात जन्मलेल्या लेकींची सभा म्हणजे ‘उमुआदा’. या माहेरवाशिणींना भावकीतली भांडणे मिटवण्याचा आणि माहेरच्या अंत्यविधीत मानाचा अधिकार होता. लग्न होऊन आलेल्या सुनांची सभा वेगळी. नायजरकाठच्या काही नगरांत ‘ओमू’ ही स्त्रीप्रमुख बाजारावर देखरेख ठेवी. ती राजाची राणी नसे, तिचे पद स्वतंत्र होते.

या अधिकाराचे मूळ धर्मात होते. भूमाता ‘अनी’ नीतिनियमांची रक्षक मानली जाई; गंभीर गुन्हा हा तिच्याविरुद्धचाच गुन्हा ठरे. न्नोबी गावात इदेमिली ही जलदेवता श्रेष्ठ होती. कष्टाने आणि व्यापाराने संपन्न झालेल्या बाईवर देवीची कृपा झाली असे मानून तिला ‘एक्वे’ ही पदवी मिळे आणि गावातल्या स्त्रियांचे नेतृत्व तिच्याकडे जाई. मुलगा नसलेला बाप लेकीला मुलाचा दर्जा देऊन वारस करू शके. सधन स्त्री रीतसर वधूमूल्य देऊन ‘पत्नी’ आणी आणि त्या पत्नीची मुले तिच्या घरची ठरत. इग्बो भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे. मानववंशशास्त्रज्ञ इफी अमादियुमे यांनी या लवचीकतेवर दिलेला भर महत्त्वाचा आहे, कारण पुढे नेमकी तीच हरवली.

१८५७ मध्ये ओनित्शा येथे अँग्लिकन मिशन सुरू झाले, १८८५ मध्ये कॅथलिक आले. नव्या धर्माकडे आधी वळले ते बहुतांशी समाजाने दूर लोटलेले लोक : देवाला वाहिलेले म्हणून वाळीत असलेले ‘ओसू’ आणि जुळ्यांच्या माता. जुळी मुले अशुभ मानून रानात टाकली जात; अशा आईला चर्चने दार उघडले, हे विसरून या धर्मांतराचा न्याय करता येणार नाही. पण त्याच चर्चने देवींना खोटे ठरवले आणि एक्वे पदवी व स्त्री-स्त्री विवाह यांना पाखंड म्हटले. मिशनच्या शाळांत मुलींना मुख्यतः शिवण, स्वयंपाक आणि ख्रिस्ती गृहिणीची कर्तव्ये शिकवली जात. देव पुरुष, पाद्री पुरुष. देवीच्या नावाने बोलणाऱ्या बाईला जागाच उरली नाही. न्नोबीत एका कडव्या ख्रिस्ती माणसाने इदेमिलीचा पवित्र अजगर मारला, तेव्हा स्त्रिया अर्धनग्न होऊन ओनित्शाच्या इंग्रज अधिकाऱ्यापर्यंत चालत गेल्या. त्याने थातुरमातुर आश्वासन दिले, तशा त्या परतल्या आणि त्या माणसाचे घर त्यांनी जमीनदोस्त केले.

इंग्रजांनी सनद देऊन नेमलेले गावप्रमुख, म्हणजे ‘वॉरंट चीफ’, हेही पुरुषच होते. एकमेव अपवाद १९१८ मध्ये नेमलेल्या आहेबी उगबाबे. त्यांनी पुढे राजेपदही मिळवले. पण पूर्वजांचे रूप मानला जाणारा मुखवटा त्यांनी स्वतःच्या नावाने बाहेर काढला, तेव्हा गावच्या पुरुषांनी तो हिसकावून घेतला. धर्मातला हा कोपरा जुन्या व्यवस्थेतही पुरुषांचाच होता.

नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात न्वान्येरुवा या विधवेला घरातली माणसे, शेळ्या-मेंढ्या मोजायला सांगण्यात आले. आता बायकांवरही कर बसणार, ही शंका बाजारा-बाजारांतून पसरली आणि हजारो स्त्रिया उठल्या. त्यांनी हत्यार वापरले ते जुनेच : ‘पुरुषावर बसणे’, म्हणजे अपराध्याच्या दाराशी जमून निंदेची गाणी म्हणत त्याला जेरीस आणणे. सैन्य आणि पोलिसांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. इंग्रजांच्या कागदोपत्री हा ‘आबा दंगा’, आबा या तिथल्या शहराच्या नावावरून. इग्बो लोक त्याला ‘स्त्रियांचे युद्ध’ म्हणतात आणि तेच नाव खरे. त्यानंतर वॉरंट चीफ पद्धत मोडीत निघाली.

आज बहुसंख्य इग्बो ख्रिस्ती आहेत. उमुआदा टिकून आहे, आणि दर ऑगस्टमध्ये शहरांतल्या स्त्रिया गावी जमून चर्च व गावाचे प्रश्न हाती घेतात. २०१४ मध्ये नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुलींना वारसा नाकारणारी इग्बो रूढी घटनाबाह्य ठरवली.