एन्कोडरचा आकडा सरकतोय? आधी झेडची वायर जोडा

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या शॉपमध्ये ही तक्रार नेहमीची: कटिंग मशिनवर सकाळी बरोबर येणारं माप दुपारपर्यंत काही मिलिमीटरनं सरकतं. माप घेणारं चाक (मेजरिंग व्हील) किती फिरलं ते पल्समध्ये सांगणारा सेन्सर म्हणजे एन्कोडर. ‘एन्कोडर ड्रिफ्ट होतोय’ म्हणून नवा मागवतात आणि पुष्कळदा नव्यावरही तेच होतं.

इन्क्रिमेंटल एन्कोडर स्वतः मोजत नाही; मोजणीसाठी तो ए आणि बी असे दोन पल्स देतो, एकमेकांपासून पाव चक्र मागेपुढे. मोजणी करतो डेटा ॲक्विझिशन कार्डातला (सिग्नल कॉम्प्युटरला वाचून देणाऱ्या कार्डातला) काउंटर. त्यामुळे आकडा सरकला म्हणजे काउंट हरवले, फुकटचे आले किंवा दोष मेकॅनिकल आहे, जसं शाफ्ट जोडणारं कपलिंग घसरलं. दोष मोजणीत की मेकॅनिकल, ते झेड सांगतो. हा एन्कोडरचा तिसरा पल्स, दर फेरीला एकदाच, ठरलेल्या जागी येतो. अनेक पॅनेलांत त्याची वायर टेप लावून रिकामी सोडलेली असते, आणि हे खरंच वाईट आहे.

१०२४ पल्सचा एन्कोडर चौपट डिकोडिंगवर (ए आणि बी दोन्हींची प्रत्येक चढती-उतरती कड मोजली, की) फेरीला ४०९६ काउंट देतो. शाफ्ट एकाच दिशेनं फिरवत प्रत्येक झेडला काउंट नोंदवा. दोन झेडमधला फरक ४०९६ हवा. एखादा काउंट इकडेतिकडे चालेल, पण तो साचता कामा नये.

फरक पक्का असूनही माप सरकत असेल, तर दोष मेकॅनिकल आहे. कपलिंग आणि शाफ्टवर मिळून मार्करनं एक रेघ ओढा. रेघ तुटली की कपलिंग शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू सैल. रेघ शाबूत असेल, तर मेजरिंग व्हील बघा: ते मालावर घसरत असेल किंवा झिजलं असेल. २०० मिमी परिघाच्या व्हीलचा व्यास ०.१ मिमीनं घटला, तरी १० मीटरला जवळपास १६ मिमीचा फरक पडतो.

फरकच बदलत असेल, तर एन्कोडर आणि कार्ड चालू ठेवून मोटर-ड्राइव्हची सप्लाय तोडा, तिच्या स्विचला लॉक लावा आणि शाफ्ट हातानं फिरवा. आता मोजणी बरोबर आली, तर संशय ड्राइव्हवर (मोटरचा वेग ठरवणाऱ्या युनिटवर). शाफ्टपासून दूर राहून ड्राइव्ह चालू करा, वेग शून्य ठेवा. शाफ्ट थांबलेला असताना आकडा चढत गेला, तर मोटरच्या केबलमधून नॉइज (विजेचा गोंगाट) येतोय. एक अपवाद: प्रोग्राम फक्त ए मोजत असेल, तर पल्सच्या कडेवर थांबलेली एन्कोडरची चकती नुसत्या कंपनानंही काउंट वाढवत राहते. बी जोडून क्वाड्रेचर मोड (दोन्ही पल्सवरून दिशाही ओळखणारा) लावला, की पुढचे-मागचे काउंट एकमेकांना खोडतात.

नॉइजबाबत सर्वात मोठी चूक वायरिंगमध्ये सापडते. एन्कोडर अनेकदा डिफरेन्शियल असतो, म्हणजे प्रत्येक सिग्नल दोन वायरींवर सुलट-उलट (ए आणि ए-बार) देतो; कार्डाचं इनपुट मात्र साधं टीटीएल, एका वायरीचं ५ व्होल्टचं. मग ए जोडतात आणि ए-बार लोंबकळत सोडतात. डिफरेन्शियलचा सगळा फायदा तिथेच संपतो. मध्ये आरएस-४२२ रिसीव्हर (दोन वायरींतला फरक वाचून एक सिग्नल देणारा) घाला, ए आणि ए-बार एकाच ट्विस्टेड जोडीत आणा, रिसीव्हरच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावा. एन्कोडरची केबल मोटरच्या ट्रेमधून नेऊ नका. शील्डची (केबलभोवतीच्या धातूच्या जाळीची) वेणी वळून लांब शेपूट ठेवू नका, क्लॅम्पनं पूर्ण घेर पकडा.

फक्त वेगात काउंट हरवत असतील, तर कार्डाच्या इनपुटचा फिल्टर (ठरावीक वेळेपेक्षा छोटे पल्स गाळणारा) बघा. ३००० आरपीएमला १०२४ पल्सचा एन्कोडर ५१.२ किलोहर्ट्झ देतो, म्हणजे पल्स जेमतेम ९.८ मायक्रोसेकंद टिकतो. १० मायक्रोसेकंदांचा फिल्टर खरे पल्सच गाळतो. १ मायक्रोसेकंदापासून सुरुवात करा.

लांब केबलवर ५ व्होल्टची सप्लाय एन्कोडरच्या टोकाला मोजा, ४.७५ च्या खाली नको. पावसाळ्यात कनेक्टर उघडून बघाच. पिनांवर हिरवट थर दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, सील बदला, आणि केबल कनेक्टरच्या खालून वळसा देऊन आणा, म्हणजे पाणी आत न जाता वळशावरून गळून जाईल.