पोलादातील मँगनीज कसे मोजत आले

हेन्री बेसेमर यांनी 1856 मध्ये वितळलेल्या कच्च्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली, पण तो माल लाल तापवून ठोकला की तडकायचा. रॉबर्ट मशेट यांनी त्यात स्पीगलआयझन, म्हणजे मँगनीजयुक्त कच्चे लोखंड, मिसळले. मँगनीजने उरलेला ऑक्सिजन ओढून घेतला, गंधकालाही बांधून ठेवले आणि पोलाद घडवण्याजोगे झाले. पुढे 1882 मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 12-13 टक्के मँगनीजचे, मार खाऊन अधिकच कठीण होणारे पोलाद केले. मँगनीजचे प्रमाण अंदाजावर सोडणे आता परवडणारे नव्हते.

मोजायचे कसे, याचा धागा मात्र आधीच हाती लागला होता. मँगनीजच्या द्रावणात नायट्रिक आम्ल आणि लेड डायऑक्साइड घालून तापवले की परमँगनेटचा, म्हणजे मँगनीजच्या ऑक्सिजनयुक्त संयुगाचा, जांभळा रंग उमटतो, हे वॉल्टर क्रम यांनी 1845 मध्ये दाखवले. हा रंग इतका गडद असतो की अत्यल्प मँगनीजही डोळ्यांना दिसते. त्यानंतरचा बराचसा शोध हा रंग खात्रीने आणि पटकन आणणाऱ्या ऑक्सिडीकारकाचाच, म्हणजे मँगनीजचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनाचाच, होता. सोडियम बिस्मथेट आले. 1901 मध्ये ह्यू मार्शल यांनी चांदीच्या क्षाराच्या मदतीने परसल्फेट वापरून तोच रंग आणला. 1917 मध्ये विलार्ड आणि ग्रेटहाउस यांनी पीरिऑडेट सुचवले. त्याने आलेला रंग टिकतो, म्हणून रंगमापनासाठी, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढण्यासाठी, ते फार सोयीचे ठरले.

कारखान्यांत रुळली ती परसल्फेट-आर्सेनाइट पद्धत. पोलादाचा कीस आम्लात विरघळवायचा, सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियम परसल्फेट घालून उकळायचे, थंड करायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे मोजखुणांच्या काचनळीतून, सोडियम आर्सेनाइट सोडत जांभळा रंग घालवायचा; ते किती लागले यावरून मँगनीज काढायचे. फॉस्फरिक आम्ल घातले की लोहाचा पिवळेपणा आड येत नाही. यात एक मेख आहे: आर्सेनाइटची अभिक्रिया कागदावरच्या समीकरणाप्रमाणे पूर्ण होत नाही. त्यामुळे मँगनीज ठाऊक असलेले पोलाद त्याच रीतीने तपासून द्रावणाची ताकद ठरवावी लागते. प्रमाणित नमुन्यांचे महत्त्व या पद्धतीत जितके उघड दिसते, तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

अ‍ॅलन वॉल्श यांनी 1955 मध्ये अणुशोषणाची, म्हणजे अणू किती प्रकाश शोषतात यावरून मूलद्रव्य मोजण्याची, पद्धत मांडली. तिच्यात मँगनीज 279.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशरेषेवर मोजतात. भट्टीजवळ मात्र ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या स्पार्क स्पेक्ट्रोमीटरने बाजी मारली. घासून सपाट केलेल्या नमुन्यावर ठिणगी पाडली की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे आकडे मिनिटाभरात हाती येतात आणि भट्टीतला रस ओतण्याआधीच दुरुस्त करता येतो. हे यंत्रही प्रमाणित पोलादावरच जुळवून घ्यावे लागते.