डोहाळे

डोहाळे : गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होणारी मळमळ, उलटी व अन्नावरून उडालेली वासना, तसेच त्याच काळात किंवा थोडे पुढे एखाद्या पदार्थाची वाटणारी अनावर ओढ, या दोन्हींसाठी मराठीत हा एकच शब्द रूढ आहे. तो बहुधा अनेकवचनीच वापरतात. ‘तिला डोहाळे कडक लागलेत’ असे म्हणणाऱ्याच्या मनात उलट्या असतात. ‘कसले डोहाळे लागलेत?’ या प्रश्नात मात्र चिंचा-बोरे अभिप्रेत असतात. प्रस्तुत नोंदीत पहिल्या अर्थाला जास्त जागा दिली आहे, कारण पहिल्या तीन महिन्यांत काय खाल्ले जाते हे पुष्कळदा त्यावरच ठरते. डोहाळजेवणाचा विधी येथे विचारात घेतलेला नाही; स्थानिक उदाहरणे नाशिक परिसरातील आहेत.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘दोहद’ व प्राकृत ‘दोहल’ या रूपांत आहे, याविषयी फारसे दुमत नाही. आरंभीच्या ‘द’चा मराठीत ‘ड’ होणे (दंश–डास) आणि पुढे ‘ळ’ येणे हे दोन्ही बदल परिचित आहेत. दाडिमाचे डाळिंब होताना ते एकत्रच दिसतात. वाद आहे तो खुद्द ‘दोहद’ या शब्दाविषयी. एका मताने तो ‘दौर्हृद’ म्हणजे अस्वस्थ, बिघडलेल्या हृदयाची अवस्था यावरून आला. दुसऱ्या मताने ‘द्विहृद्’ म्हणजे दोन हृदये असलेली यावरून. तिसरे मत तो ‘दोह’ (दूध) देणारा असा फोडते. तिसऱ्या मताला अर्थाचा आधार तोकडा पडतो. दोन हृदयांची उपपत्ती वैद्यकग्रंथांनीच दिली असल्यामुळे ती सर्वाधिक लोकप्रिय आहे; तथापि अपरिचित झालेल्या शब्दाला मागाहून शास्त्रीय अर्थ चिकटवण्याची रीत जुनीच असल्याने ‘दौर्हृद’ हे मूळ अधिक संभाव्य वाटते. मळमळीने जीव कासावीस होण्याच्या अनुभवालाही तेच जवळचे आहे. अमरकोशात मात्र ‘दोहद’ इच्छा, कांक्षा यांच्या पंक्तीत बसतो, म्हणजे तोवर शब्दातील त्रासाची छटा पुसट झालेली असावी.

चरकसंहितेचा प्राचीन गाभा सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. दृढबल या नंतरच्या संपादकाने पुढे भर घातलेल्या भागात शारीरस्थान (शरीर व गर्भ यांविषयीचा विभाग) मोडत नाही, म्हणून गर्भिणीविषयीचे विवेचन जुन्या थरातले समजण्यास हरकत नाही. त्यात गर्भधारणेची लक्षणे सांगताना पाळी चुकणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नाची इच्छा नसणे, छर्दी (उलटी), अरोचक (तोंडाची चव जाणे) आणि विशेषेकरून आंबट खाण्याची इच्छा यांचा उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत याच संदर्भात ‘गन्धादुद्विजते शुभात्’ असे म्हटले आहे : चांगल्या वासानेही तिला उद्वेग येतो. एरवी भूक चाळवणारी लसणाची फोडणी नको होऊन स्वयंपाकघरातून बाहेर धावणाऱ्या बाईचे याहून नेमके वर्णन अन्यत्र सापडणे कठीण आहे.

दौहृदाचा, म्हणजे दोन हृदयांच्या अवस्थेचा, काळ चरक तिसऱ्या महिन्यात धरतो, तर सुश्रुत चौथ्या. टीकाकारांनी ही विसंगती मिटवण्याचा प्रयत्न केला असला, तरी त्याची फारशी गरज वाटत नाही. सुश्रुत उलटीला गर्भिणीचे लक्षण आणि इच्छेला नंतरची अवस्था मानतो, म्हणजेच मराठीने एका शब्दात गोवलेल्या या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या होत्या; चरकाच्या यादीत मात्र उलटी व आंबटाची इच्छा एकत्रच येतात. आहाराविषयी सुश्रुत पहिल्या तीन महिन्यांत मधुर, शीत व द्रवप्राय अन्न सांगतो. चरकाचा दंडक त्याहून व्यवहारी आहे : गर्भाला अपाय करणारे वगळून तिला हवे ते द्यावे, आणि इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थाशी जोडून द्यावा. नाशिकपुरते बोलायचे तर मिसळ खावीशी वाटणारीला तर्री बेताची, मटकी पूर्ण शिजलेली आणि सोबत दही असे ताट पुढे करणे हा त्याच दंडकाचा अवलंब होय.

कथा-काव्यांत दोहद हा नित्याचा विषय आहे. कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा हिच्या मुखाला मातीचा गंध येतो, कारण तिला माती खाण्याची ओढ असते. रामायणाच्या उत्तरकांडात गर्भवती सीता गंगातीरीचे आश्रम पाहण्याची इच्छा व्यक्त करते, आणि तेच तिच्या त्यागाचे निमित्त होते. नाशिकचे तपोवन व सीतागुंफा ही स्थळे वनवासाच्या कथेतली आहेत. गोदावरीला येथे सर्रास ‘गंगा’ म्हणत असले, तरी केवळ नामसाम्यावरून या दोहदकथेचा संबंध त्यांच्याशी जोडणे योग्य ठरणार नाही.

आधुनिक वैद्यकानुसार सुमारे ७० टक्के गर्भवतींना कमीअधिक मळमळ होते. ती बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत तीव्र असते आणि बहुतेकींमध्ये सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. ती सकाळीच होते हा समज खरा नाही. दीर्घकाळ एचसीजी या गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकाला कारण मानले जाई. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जीडीएफ-१५ या प्रथिनाकडे लक्ष वेधले. गर्भ व वार यांतून ते मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या मागील भागातील उलटीशी संबंधित केंद्रांवर परिणाम करते. गर्भधारणेपूर्वी ज्यांच्या रक्तात ते कमी असते, त्यांना या वाढीचा त्रास अधिक होतो. थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्ण स्त्रियांमध्ये ते आधीपासूनच बरेच असते आणि त्यांना मळमळ क्वचितच होते, ही बाब या मताला पुष्टी देते. ‘मन घट्ट कर’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला यापुढे तरी मागे घ्यावा लागेल.

उपायांचे सूत्र असे की, पोट पूर्ण रिकामे राहू द्यायचे नाही आणि तुडुंबही भरायचे नाही. दोन-दोन तासांनी थोडे खाणे, पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळी घोटघोट घेणे आणि उठण्यापूर्वीच काही कोरडे खाणे यांनी पुष्कळजणींना आराम पडतो. उशाशी डब्यात साळीच्या किंवा ज्वारीच्या लाह्या ठेवून अंथरुणातच मूठभर चघळण्याची रीत जुन्या नाशकातल्या घरांत आहे. बिस्किटांचा पुडा तिचाच नवा अवतार. लाह्यांची पेज उलटीवर आयुर्वेदातही सांगितलेली आहे. गरम अन्नाचा वास अधिक पसरतो, म्हणून गार झालेली नागलीची (नाचणीची) भाकरी व ताक, दहीभात किंवा आंबील यांचा स्वीकार गरम वरणापेक्षा लवकर होतो. पेठ, सुरगाणा, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पिकणाऱ्या नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ज्या आठवड्यांत दूध समोर नको असते, त्या आठवड्यांत ही गोष्ट मोलाची आहे. आल्याचा उपयोग चाचण्यांतूनही दिसून आला आहे. त्यांत सुंठीचे प्रमाण साधारणतः दिवसाला १ ग्रॅम होते. आंबटाची ओढ भागवायला बुधवारी गंगाघाटावर भरणाऱ्या बाजारात हिवाळ्यात आवळे, बोरे व कवठे वाट्यावर मिळतात. मोरावळाही चालतो, मात्र छातीत जळजळ असल्यास बेताने.

या काळात पोषणाचा हिशेब काटेकोर ठेवण्याचे कारण नाही, कारण गर्भ अद्याप लहान असतो. अपवाद फॉलिक आम्लाचा. दररोज किमान ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चुकवू नये. लोहाची गोळी शासकीय कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून असते. ती आधी सुरू केली असेल आणि मळमळ वाढत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे थांबवता येते.

वर्ज्य पदार्थांच्या बाबतीत परंपरा व वैद्यक यांचे मत सर्वत्र जुळत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावते, हे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. पिकलेल्या पपईत तसे आढळले नाही. अननस, तीळ वगैरे ‘उष्ण’ पदार्थांवरील बंदीला तेवढा आधार नाही, पण घरातील वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याइतके ते आवश्यकही नाहीत. न तापवलेले दूध, अर्धे कच्चे अंडे व न धुतलेली पालेभाजी ही खरी जोखीम होय, आणि नेमकी तिच्याविषयी घरगुती सूचनांत क्वचितच काही असते. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. चहा-कॉफीतील कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे अनेकदा रक्तातील लोह कमी असल्याचे लक्षण असते, म्हणून अशा वेळी हिमोग्लोबिन तपासावे.

औषधांत जीवनसत्त्व ब-६ (पायरिडॉक्सिन) आणि त्याच्या जोडीला डॉक्सिलअमाइन हे ॲलर्जीवरील औषध यांना प्रथम स्थान आहे. हे संयुक्त औषध अमेरिकेत खटल्यांमुळे १९८३ मध्ये उत्पादकानेच मागे घेतले. दोष सिद्ध न झाल्याने २०१३ मध्ये तेथे त्याला पुन्हा मान्यता मिळाली. उलट्या न थांबता वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, लघवी गडद व थोडी होऊ लागली किंवा दिवसभर पाणीही पोटात ठरेना, तर ते साधे डोहाळे राहत नाहीत. अशा अवस्थेत रुग्णालयात सलाइन द्यावे लागते, आणि ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देणे आवश्यक असते, अन्यथा मेंदूला इजा होऊ शकते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत थिनिंग (घडातील मणी विरळणे) व डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) यांसाठी जाणाऱ्या मजूर स्त्रियांचे डोहाळे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागतात. फवारणीच्या वासाने मळमळ उसळते, आणि त्या वासापासून दूर जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे. पहिल्या तीन महिन्यांत फवारलेल्या ओळींत न जाणे आणि डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुणे एवढी काळजी तरी बागमालक व मुकादम यांच्या सहकार्याने घेता येण्याजोगी आहे.