जड पाणी आणि मचूळ पाणी: कॅरॅव्हॅनच्या गिझरचे दोन वेगळे आजार

मराठीत 'क्षार' या शब्दाला आपण फार राबवतो. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार, गुहागरच्या मे महिन्यातल्या विहिरीत क्षार, बादलीच्या कडेला पांढरं चढलं तो क्षार आणि नळाखाली तांबूस डाग पडला तरी क्षारच. घरच्या गिझरच्या बाबतीत हे खपून जातं, कारण त्याला जन्मभर एकच पाणी मिळतं. कॅरॅव्हॅनची टाकी आठवड्यात चार गावांचं पाणी पिते. तिथे जड आणि मचूळ यांतला फरक कळला नाही तर एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं.

जड पाणी घाटावरचं. काळ्या खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळतात. पाणी तापलं की त्यांतून चुन्याचा साका सुटतो आणि नेमका सर्वांत गरम भागावर, म्हणजे कॉइलवर बसतो. साठ अंशांच्या वर हे काम झपाट्याने होतं. कोकणात जांभा. वर्षानुवर्षांच्या पावसाने त्यातला चुना धुऊन नेलेला, त्यामुळे विहिरीचं पाणी हलकं आणि किंचित आंबटपणाकडे झुकणारं. या पाण्यात साका जवळजवळ धरत नाही. पण किनाऱ्यालगत उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की समुद्र आत सरकतो. गुहागरला ज्यांच्या वाडीत आम्ही गाडी लावतो त्या काकू पाइप जोडायच्या आधीच सांगतात, "एप्रिलनंतर आमची विहीर मचूळ होते हो, आंघोळीपुरतंच घ्या." आंघोळीपुरतं म्हणजे थेट गिझरमध्येच, हे त्यांच्या गावी नसतं.

ओळखायचं कसं? साबण उपयोगाचा नाही. जड पाण्यात फेस येत नाही हे खरं, पण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असल्यामुळे मचूळ पाण्यातही तो येत नाही. टीडीएस मीटरही फसवतो. तो विरघळलेल्या सगळ्याची एकगठ्ठा बेरीज दाखवतो. मीटरवर ८०० आलं तर ते चुन्याचे की मिठाचे, हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात म्हणूनच हे आकडे वेगवेगळे दिलेत: एकूण कठीणपणा, म्हणजे जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, २५० पर्यंत स्वीकारार्ह. गाडीत करता येण्याजोगी परीक्षा सोपी आहे. स्टीलच्या पातेल्यात पाणी दहा मिनिटं उकळायचं. तळाशी पांढरा पापुद्रा आला आणि त्यावर लिंबू पिळल्यावर तो फसफसला, तर पाणी जड. पापुद्रा नाही पण जिभेला खारट लागतंय, तर मचूळ.

टाकीच्या तक्रारीही वेगळ्या. साका धरलेली टाकी आवाज करते. तापताना आत खडखड, टकटक चालू होतं, पाणी गरम व्हायला वेळ लागतो, शॉवरच्या जाळीत पांढरे कण अडकतात. मचूळ पाण्याने टाकी गंजते, आणि गंज गपचूप असतो. सकाळचं पहिलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं. कधी सडक्या अंड्यासारखा वास मारतो. तो वास गंजाचा नव्हे. तिथे काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटचा वायू करतात आणि टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड त्यांच्या पथ्यावर पडतो.

हा अॅनोड म्हणजे टाकीचा बळीचा बकरा. पोलादी टाकीत तो मुद्दाम बसवतात, पाण्याने टाकीऐवजी त्याला खावं म्हणून. आमच्या गाडीत एकदा तांबूस पाणी यायला लागलं. घाटावरच्या एका गॅरेजवाल्याने न उघडताच "क्षार धरलाय" म्हणून आत अॅसिड फिरवलं. दोन आठवड्यांत टाकीच्या जोडातून थेंब पडू लागले. उघडून पाहिलं तर अंगठ्याएवढ्या जाड कांडीच्या जागी नुसती तार, तिला चारदोन कण चिकटलेले, दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखी. मचूळ पाण्याने बहुतेक खाल्ली होती, उरलेली अॅसिडने संपवली.

साक्यावर अॅसिड चालतं, पण सौम्य: व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. आधी अॅनोड काढून तिथे साधा प्लग लावायचा आणि नंतर टाकी गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळाळायची. बंब कोकमाच्या आगळाने लख्ख होतो म्हणून तोच प्रयोग इथे नको. आगळात मीठ असतं आणि बंब तांब्याचा होता. टाकी गंजत असेल तर मात्र अॅसिडचा काडीचा उपयोग नाही. अॅनोड पाऊण झिजला की बदलायचा. कंपन्या वर्षातून एकदा तपासा म्हणतात. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी सहा महिन्यांनी पाहावा असं माझं मत. वासासाठी क्लोरीनचं पाणी फिरवतात, पण ते आणि अॅसिड कधीही एकत्र आणू नये, विषारी वायू होतो.

टाकी कशाची आहे तेही पाहावं. कॅरॅव्हॅनचे गिझर करणाऱ्या कंपन्यांपैकी सबर्बनच्या पोलादी टाकीत अॅनोड लागतो. अॅटवुडची अॅल्युमिनियमची, तिला नायलॉनचा प्लग असतो. तिथे अॅनोड ठोकू नये. ट्रुमाचे बॉयलर स्टेनलेसचे. स्टेनलेस म्हणजे निर्धास्त असं मात्र नाही. खारट गरम पाणी त्यालाही जोडापाशी बारीक भोकं पाडतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे मेमधलं मचूळ पाणी टाकीत ठेवून गाडी पावसाळाभर झाकून ठेवणं. जूनच्या आधी गॅस आणि वीज बंद करायची, पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम पाण्याचा नळ उघडून आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब घालवायचा, मगच खालचा प्लग सोडायचा. घाईने सोडला तर उकळतं पाणी अंगावर येतं. नंतर गोड्या पाण्याने दोनदा धुऊन टाकी कोरडी ठेवायची. काढलेला प्लग मी पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधतो. रिकाम्या टाकीवर कोणी बटण दाबलं तर कॉइल क्षणात जळते, आणि आमच्याकडे बटण दाबणारे हात फार आहेत.