मुंबई महानगरपालिका निवडणूक, २०१७

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागांसाठी २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झालेली निवडणूक. २३ फेब्रुवारीला मतमोजणी झाली. शिवसेनेला ८४ आणि भारतीय जनता पक्षाला ८२ जागा मिळाल्या. बहुमताला ११४ नगरसेवक लागतात आणि त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही. त्यामुळे निकालाच्या रात्री महापौर कोणाचा होणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर पुढच्या तेरा दिवसांत मिळाले.

त्याच दिवशी राज्यात आणखी नऊ महानगरपालिकांचे मतदान होते. मुंबईचा कायदा मात्र वेगळा, १८८८ चा. बाकी ठिकाणी त्या वेळी चार सदस्यांचे प्रभाग होते, मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक. प्रभाग लहान, म्हणून थोड्या मतांनीही जागा फिरते. या निवडणुकीआधी २०११ च्या जनगणनेनुसार प्रभागांची फेररचना झाली. एकूण संख्या २२७ च राहिली, पण शहर भागातले ७ प्रभाग कमी होऊन ते उपनगरांत वाढले. गिरणगाव, गिरगाव या शिवसेनेच्या जुन्या पट्ट्यांचे वजन तेवढे घटले. निम्म्या, म्हणजे ११४ जागा महिलांसाठी राखीव होत्या.

शिवसेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेत असूनही महापालिकेत समोरासमोर लढले. २६ जानेवारीला उद्धव ठाकरे यांनी युती तोडल्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये युतीत लढताना शिवसेनेला ७५ आणि भाजपला ३१ जागा होत्या. स्वबळावर भाजपने ३१ वरून ८२ पर्यंत मजल मारली, हीच या निकालाची खरी बातमी. काँग्रेस ५२ वरून ३१ वर आली, मनसे २८ वरून ७ वर. राष्ट्रवादीला ९, समाजवादी पक्षाला ६, एमआयएमला २, अखिल भारतीय सेनेला १ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. मतदान सुमारे ५५ टक्के झाले. २०१२ मध्ये ते ४५ टक्क्यांच्याही खाली होते.

मतदानाच्या दिवशी ठिकठिकाणी एकच तक्रार होती: यादीत नावच नाही. महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. हद्दीवरची इमारत किंवा चाळ चुकून शेजारच्या प्रभागात गेली की मतदाराचे नाव असते, पण त्याच्या नेहमीच्या केंद्रावर नसते. प्रारूप यादीवर हरकती घेण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि बहुतेकांना ती निघून गेल्यावरच कळते. ज्या निवडणुकीत काही प्रभाग मोजक्या मतांनी फिरतात, तिथे ही यादी फोडण्याची चूक किरकोळ मानता येत नाही.

प्रभाग २२० मध्ये मोजक्या मतांच्या फरकाचे टोक दिसले. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना नेमकी ५,९४६-५,९४६ मते पडली. फेरमोजणी झाली तरी बरोबरी सुटली नाही. या निवडणुकीत मतदान यंत्राला कागदी पावतीची सोय नव्हती. त्यामुळे यंत्रावरच्या मतांपुरती फेरमोजणी म्हणजे कंट्रोल युनिटवरचे, म्हणजे यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागावरचे, आकडे पुन्हा वाचणे आणि ते केंद्राच्या हिशेबाच्या तक्त्याशी ताडून पाहणे, एवढेच. हाताने मोजता येतील अशा मतपत्रिका फक्त टपाली मतांच्या. कायद्यात अशा वेळी सोडतीची तरतूद आहे. दोन नावांच्या चिठ्ठ्या घातल्या गेल्या, एका लहान मुलीने त्यातली एक उचलली आणि शहा निवडून आले. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर आकडे ८५ आणि ८१ असते.

निकालानंतरचे पहिले काम गटनोंदणी. प्रत्येक पक्षाचे नगरसेवक आपला गटनेता ठरवून कोकण विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंद करतात. अपक्ष याच वेळी एखाद्या गटाबरोबर जातात. एकदा नोंद झाली की स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा, १९८६ लागू होतो. पक्षादेश मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकते. म्हणून घाई असते ती नोंदीआधीच्या दिवसांत. अपक्षांना बरोबर घेऊन शिवसेना ८८ पर्यंत गेली. समित्यांवरच्या जागा गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात मिळतात. २७ सदस्यांच्या स्थायी समितीत एकेका जागेला किती किंमत आहे हे महापालिकेचा अर्थसंकल्प पाहिला की समजते. २०१६-१७ चा अर्थसंकल्प ३७,०५२ कोटी रुपयांचा होता. प्रशासन आयुक्त चालवतात, पण मोठे खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाहीत. महापौर सभागृह चालवतो, मान मोठा, कार्यकारी अधिकार थोडे.

महापौरपदाचे आरक्षण नगरविकास विभाग सोडतीने ठरवतो. २०१७ मध्ये ते खुले होते. मुदत अडीच वर्षांची. अर्ज महापालिका चिटणिसांकडे भरायचा, सभेत माघारीला वेळ द्यायचा आणि मग उघड मतदान घ्यायचे. गुप्त मतदान नसल्याने कोण फुटला ते तिथेच दिसते. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांना मत नसते. ११४ हा आकडा सोयीचा आहे, सक्तीचा नाही. समोरच्यापेक्षा जास्त मते पुरतात. ही गोष्ट वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेत नेहमी हरवते आणि उगाच गोंधळ वाढतो.

४ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी भाजप महापौरपद लढवणार नाही, पारदर्शकतेचा पहारेकरी म्हणून सभागृहात राहील, असे जाहीर केले. ८ मार्चला भाजपच्या पाठिंब्यासह शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर १७१ मते मिळवून महापौर झाले. काँग्रेसच्या विठ्ठल लोकरे यांना ३१ मते मिळाली. हेमांगी वरळीकर उपमहापौर झाल्या. दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष असूनही भाजपने विरोधी पक्षनेतेपद घेतले नाही. ते काँग्रेसच्या रवी राजा यांच्याकडे गेले. राज्यातली युती तुटल्यावर २०२० मध्ये भाजपने त्या पदावर दावा सांगितला, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. आधी सोडलेले पद नंतर मागता येत नाही, हा या सभागृहातला महत्त्वाचा धडा ठरला.

आकडे त्यानंतरही हलत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये भांडुपची पोटनिवडणूक भाजपने जिंकली आणि अपक्ष सोडून दोन पक्षांतले अंतर एकावर आले. लगेच मनसेच्या ७ पैकी ६ नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला. अपात्रता टाळायला दोन तृतीयांश, म्हणजे सातांतले किमान पाच लागतात. सहा असल्याने ती अट पुरी झाली.

राखीव जागांवर आणखी एक धोका असतो, जात वैधता प्रमाणपत्राचा. प्रमाणपत्र हाती नसेल तर अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन लढता येते. निवडून आल्यावर ते सहा महिन्यांत द्यायचे होते, पुढे ही मुदत १२ महिने झाली. पडताळणी समितीने दावा फेटाळला की पद जाते. मुंबईत या कारणाने अनेक नगरसेवकांना पद सोडावे लागले. निवडणुकीला आव्हान द्यायचे तर निकालापासून दहा दिवसांत लघुवाद न्यायालयात अर्ज करावा लागतो. बरेच पराभूत उमेदवार फेरमोजणीच्या वादात हे दिवस घालवून बसतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये किशोरी पेडणेकर बिनविरोध महापौर झाल्या. सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. नवी निवडणूक वेळेत न झाल्याने महापालिकेवर प्रशासक नेमला गेला.