शिबिर वेगळं, फिरता दवाखाना वेगळा

आरोग्य शिबिर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मंडप, फ्लेक्स, नावनोंदणीचं टेबल, वजनकाटा, बोटाला सुई टोचून शुगर, शेवटी गोळ्यांचं टेबल आणि दुपारी आवराआवर. त्यावर जास्त लिहीत नाही. घोळ होतो तो फिरत्या दवाखान्याबद्दल. ‘आम्ही मुंबईत गोवंडीला फिरता दवाखाना चालवतो’ असं कुणी सांगतं आणि चौकशी केली की कळतं, वर्षातून दोनदा व्हॅन घेऊन जातात. हे शिबिरच. मंडपाच्या जागी गाडी आली, एवढंच. १०८ ची ॲम्ब्युलन्सही काही जण यातच धरतात. ती रुग्णाला रुग्णालयात नेण्यासाठी असते, तिचा इथे संबंध नाही.

फिरता दवाखाना म्हणजे जो परत येतो. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, त्याच नाक्यावर, आणि येताना मागच्या वेळचे केसपेपर घेऊन.

देवनार डंपिंगजवळच्या वस्तीतली, धुणीभांडी करणारी पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. शिबिरात तिचं बीपी १६०/१०० भरलं. एकदा मोजून सहसा निदान पक्कं करत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. शिबिराला दुसरा दिवसच नसतो. मग तिला दहा गोळ्या दिल्या जातात. मला सर्वांत जास्त चीड या दहा गोळ्यांची येते. त्या संपतात, तिला त्रास काहीच जाणवत नसतो, म्हणून ती बरी झाले असं समजते. बीपी पुन्हा चढतं आणि ते कुणालाच कळत नाही.

फिरत्या दवाखान्यात तेच बीपी पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतात, मग ॲम्लोडिपीन ही बीपीची गोळी सुरू करतात. महिन्याने ती आली की पाय सुजलेत का ते विचारतात, कारण या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते आणि सूज आली की लोक कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. सूज असेल तर औषध बदलतात. ती आलीच नाही, तर वस्तीतली कार्यकर्ती तिच्या दारात जाते. गाडीची वेळही तिची कामं उरकल्यानंतरची हवी. सकाळी दहा ते एक या वेळेत उभी राहणारी गाडी तिच्या उपयोगाची नाही.

टीबीचंही असंच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्याला शिबिरात खोकल्याची बाटली देणं मला अक्षम्य वाटतं. थुंकी तपासायलाच हवी. साध्या टीबीचा उपचारही निदान सहा महिन्यांचा असतो. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि रुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे गाडीने गोळ्या विकत घेत बसायची गरज नाही. माणूस केंद्रापर्यंत पोचला का, आणि तिसऱ्या महिन्यात खोकला थांबल्यावरही गोळ्या घेतोय का, हे पाहणं गाडीचं काम.

स्वयंसेवक डॉक्टर दर आठवड्याला बदलतात, अशी तक्रार ऐकू येते. केसपेपर नीट लिहिलेला असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. माझ्या मते गाडीतला सर्वांत मोलाचा माणूस रजिस्टर सांभाळणारा, आणि पगार एकालाच देता येत असेल तर तो त्यालाच द्यावा.

शिबिरं बंद करा, असं मी म्हणत नाही. मोतीबिंदूचे रुग्ण शोधायला आणि चष्म्याचा नंबर काढायला शिबिर उत्तम. मात्र ऑपरेशन कुठे आणि कधी होणार, हे आधी ठरलेलं हवं. तुमच्याकडे वर्षातला एकच रविवार असेल तर तेच करा. बीपी-शुगरची औषधं सुरू करू नका. मोजा, आकडा कागदावर लिहून द्या आणि महापालिकेच्या जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळ सांगा.

देणगी देणाऱ्यांनी ‘किती पेशंट तपासले’ हे विचारणं सोडावं. तीन महिन्यांपूर्वीचं रजिस्टर मागावं आणि त्यात बीपी जास्त निघालेल्यांपैकी या महिन्यात किती जण परत आले, ते पान उघडून दाखवायला सांगावं.