केस रिपोर्ट शोधताना: एका खुणेची पार्श्वभूमी

कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा नेरूळ-कामोठ्याच्या खासगी महाविद्यालयांत काय, पावसाळ्यात लेप्टोसारखा वाटणारा पण लेप्टोच्या वाटेने न जाणारा एखादा रुग्ण वॉर्डात दाखल झाला की युनिटच्या प्रमुखांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “असं आधी कुणी लिहिलंय का?” मग रात्रपाळीतला निवासी डॉक्टर पबमेड ही वैद्यकीय लेखांची मोफत शोधसूची उघडतो, आजाराचे नाव टाकतो, डाव्या बाजूच्या जादा फिल्टरांतून ‘केस रिपोर्ट्स’ (एकेका रुग्णाचे वृत्तान्त) हा पर्याय शोधून त्यावर टिचकी मारतो आणि जेवढे समोर येईल तेवढेच या विषयावर लिहिले गेले आहे असे धरून चालतो. ही समजूत कुठे फसते, हे कळण्यासाठी त्या फिल्टरमागची खूण कोणी, केव्हा आणि कशी लावली, हे ठाऊक असावे लागते.

वैद्यकीय लेखांची पद्धतशीर सूची करण्याचे श्रेय अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे जाते. त्यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. त्यात लेख सापडायचा तो विषयावरून किंवा लेखकाच्या नावावरून. लेख एका रुग्णाविषयी आहे की हजार रुग्णांविषयी, याने सूचीकाराला फारसा फरक पडत नव्हता, कारण त्या काळी वैद्यकीय लेखनाचा मोठा हिस्सा रुग्णवृत्तान्तांचाच होता. १९६० मध्ये ‘मेश’ ही विषयसंज्ञांची नियंत्रित यादी आली, १९६४ मध्ये मेडलार्स ही संगणकीय व्यवस्था आणि १९७१ मध्ये दूरवरून शोधता येणारी मेडलाइन ही लेखसूची. मेडलाइनमध्ये शोध घेऊ देणारे पबमेड १९९७ मध्ये सर्वांना मोफत खुले झाले आणि ग्रंथपालामार्फत शोध करून घेण्याची गरज संपली. त्याबरोबर ग्रंथपालाच्या डोक्यात असलेली सूचीकरणाची माहितीही वाचकापासून तुटली, हा तोटा सहसा कुणी मोजत नाही.

‘केस रिपोर्ट’ ही खूण या व्यवस्थेत आधी चेक टॅग म्हणून आली. सूचीकार लेख वाचताना त्यात माणूस आहे की प्राणी, स्त्री की पुरुष, वयोगट कोणता, अशा ठरावीक गोष्टींवर खुणा करीत असे. त्यांतलीच ही एक. १९९१ पासून नोंदीत लेखाचा प्रकार सांगणारा स्वतंत्र रकाना आला आणि कालांतराने ही खूण विषयाच्या बाजूने उठून त्या रकान्यात बसली. म्हणजे आज एकसारखी दिसणारी ही खूण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नियमांनी आणि वेगवेगळ्या हातांनी लावली गेलेली आहे.

जुन्या नोंदींची अडचण किती खोल आहे, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच घेता येते. ‘बॉम्बे ग्रुपचा रक्तदाता हवा’ असा निरोप ठाणे-डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरतो. त्या रक्तगटाची पहिली नोंद डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. मुंबईतल्या तीन व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकी कोणतेच प्रतिजन (रक्तगट ठरवणारे घटक) नव्हते, उलट रक्तद्रवात या तिन्हींविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. वृत्तान्त दोन पानांचा आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ एवढाच, की एबीओ गटांशी संबंधित एक ‘नवे’ लक्षण आढळले आहे. त्या शीर्षकात ‘बॉम्बे’ नाही आणि ‘केस’ही नाही. मेडलाइनमध्ये लेखांचे सारांश १९७५ पासून येऊ लागले, त्यामुळे या नोंदीला सारांशही नाही, आणि शब्दावरून शोधणाऱ्याच्या हाती शीर्षकाखेरीज फारसे काही उरत नाही. लेख सापडतो तो बहुधा पुढच्या कुणाच्या संदर्भसूचीतून.

हे अपवादात्मक नाही. थॅलिडोमाइड या औषधाविषयी डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांनी डिसेंबर १९६१ मध्ये दिलेला इशारा ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या छोट्या पत्राच्या रूपात होता. एड्सची पहिली नोंद ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साप्ताहिक आरोग्य-अहवालात आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाचा तो वृत्तान्त होता आणि शीर्षकात फक्त आजार व शहर होते. केस रिपोर्टच्या शीर्षकात तसे स्पष्ट लिहावे, हा संकेत ‘केअर’ या केस रिपोर्ट लिहिण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१३ मध्ये घालून दिला. त्यापूर्वीच्या लेखकांकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

अलीकडच्या नोंदींची अडचण वेगळी आहे. पबमेड म्हणजे केवळ मेडलाइन नव्हे. त्यात प्रकाशकांकडून थेट आलेल्या आणि पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण लेखांच्या संग्रहातून आलेल्या नोंदीही असतात. त्यांना मेशच्या संज्ञा लागलेल्या नसतात आणि लेखाचा प्रकार प्रकाशकाने कळवला असेल तरच दिसतो. मेडलाइनमधले सूचीकरणही २०२२ पासून मुख्यतः संगणकाकडे गेले आहे. एम्बेस या दुसऱ्या वैद्यकीय शोधसूचीचे मूळ तर १९४७ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेल्या ‘एक्सर्प्टा मेडिका’त असून त्याची संज्ञासूची स्वतंत्र आहे, त्यामुळे पबमेडची शोधओळ तिथे जशीच्या तशी चालत नाही. गूगल स्कॉलरमध्ये असा प्रकाराचा रकानाच नाही.

भारतात यात आणखी एक घटक मिसळला. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी कोणते लेखन धरायचे, यावर भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१५ मध्ये घातलेल्या निकषांत केस रिपोर्टला जागा उरली नाही. पुढे २०२० च्या दुरुस्तीत केस सिरीजला (अनेक रुग्णांच्या एकत्रित वृत्तान्ताला) मान्यता मिळाली, एकट्या रुग्णाच्या वृत्तान्ताला नाही. ज्या लेखनाला गुण नाहीत, ते वेगळ्या नावाने सादर करण्याचा मोह होणारच, असे माझे मत आहे. परळहून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारख्या नियतकालिकांचे अंक म्हणूनच स्वतंत्रपणे चाळलेले बरे.

व्यवहारात शोधओळ दोन अंगांनी बांधावी लागते. प्रकाराची खूण एका बाजूला, आणि शीर्षक-सारांशातले ‘केस रिपोर्ट’, ‘केस सिरीज’, ‘अ केस ऑफ’ यांसारखे शब्दप्रयोग दुसऱ्या बाजूला, दोन्ही ‘ऑर’ने जोडून. नुसता ‘केस’ हा शब्द टाकला तर केस-कंट्रोल (आजार असलेल्या व नसलेल्यांची तुलना करणाऱ्या) अभ्यासांचा लोंढा येतो. दुर्मीळ आजार असेल आणि एकूण नोंदीच दोन-तीनशे असतील, तर फिल्टर काढून टाकून सगळी शीर्षके डोळ्यांखालून घालणे जास्त भरवशाचे ठरते, कारण पत्रव्यवहारात दडलेले वृत्तान्त त्यातच हाती लागतात.